गिरणी गुंऽऽ करते, पण फिरत नाही

 

गटाने कर्ज काढून घरघंटी घेतली की एक तक्रार हमखास येते. दुकानात चालवून दाखवली तेव्हा गिरणी पहिल्या झटक्यात फिरली. गावी आणली, गटाच्या शेडमध्ये ठेवली. शेडला मीटर नाही, म्हणून जवळच्या घरातून लांब वायर ओढून जोडली. नारळ फोडला, बटण दाबलं, आणि गिरणी नुसती गुंऽऽ करत बसली. फिरेना. चार वेळा बटण चालू-बंद केलं, मोटर तापली, जळका वास आला. दुकानदार म्हणतो, तुमच्या गावाला व्होल्टेजच नाही. वायरमन म्हणतो, मोटरच खराब दिली. आणि हप्ता तर दर महिन्याला भरायचाच आहे.

आता यात खरं कोण? पुष्कळदा दोघंही नाहीत. मोटर चांगली असते, मीटरपाशी व्होल्टेजही बरं असतं. दोष असतो तो मधल्या लांब, बारीक वायरीत. हे कसं, ते समजायला तीन शब्द पुरे होतात. व्होल्टेज, करंट आणि रोध. पहिले दोन आपण रोज ऐकतो. तिसरा फारसा कुणी उच्चारत नाही, आणि खरा घोळ तोच करतो.

पाण्याचं आपल्याला कुणी शिकवायला नको, म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करू. तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. तिथून मुंबईला पाणी गेलं ते पंप लावून नव्हे, तर उतारावरून, आपल्या वजनाने. आपला तालुका उंचावर, मुंबई समुद्राकाठी, म्हणून पाणी आपोआप पळतं. (आपल्या उशाशी तानसा नि भातसा, आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट बघतो, हा विषय आज काढत नाही. तो काढला तर विजेचं राहून जाईल.) तर उंचीमुळे पाण्याला जो जोर मिळतो, तो दाब. विजेच्या बाबतीत या दाबाला व्होल्टेज म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरात येतो तो २३० व्होल्टचा.

नळाखाली हंडा ठेवला आणि तो किती वेळात भरला, यावरून पाणी किती वाहतंय ते कळतं. तो प्रवाह. विजेचा प्रवाह म्हणजे करंट, आणि तो अँपिअरमध्ये मोजतात.

आता टाकी उंचावर आहे, पाणीही भरपूर आहे, पण पाइप करंगळीएवढा आणि गंजलेला, तोही गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेला. तर शेवटच्या घरी धार कशी येणार? करंगळीएवढीच. पाइप पाण्याला अडवतो, तशी तार विजेला अडवते. या अडवणुकीला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात.

दाब वाढला की प्रवाह वाढतो. रोध वाढला की प्रवाह घटतो. दाबाला रोधाने भागलं की प्रवाह मिळतो: व्होल्ट भागिले ओहम बरोबर अँपिअर. हेच उलट फिरवलं तर अँपिअर गुणिले ओहम बरोबर व्होल्ट. भागाकार-गुणाकार येणाऱ्या कुठल्याही बाईला एवढं जमतं, आणि गटाचा हिशोब लिहिणारीला तर डोळे मिटून.

पाण्याचं उदाहरण मात्र एका ठिकाणी लंगडं पडतं, ते आत्ताच सांगून ठेवते. पाइप फुटला की पाणी बाहेर सांडतं. तार तुटली की वीज बाहेर सांडत नाही. विजेला फेरी लागते. एका तारेने यायचं, उपकरणातून जायचं आणि दुसऱ्या तारेने परत जायचं. फेरी तुटली की सगळं थांबतं. पण ही फेरी तारेतूनच पुरी व्हायला हवी असं नाही. आपल्या अंगातून जमिनीत उतरूनही वीज परत जाऊ शकते. त्याच्याकडे शेवटी येऊ.

ओहम हे एका माणसाचं नाव आहे. गेओर्ग ओहम, जर्मनीतला, जन्म १७८९चा. बाप कुलुपं बनवायचा. हा शाळेत गणित नि पदार्थविज्ञान शिकवायचा, आणि उरलेल्या वेळात तारांशी खेळायचा. एकाच जाडीच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या तारा घ्यायच्या, प्रत्येकीतून वीज सोडायची आणि प्रवाह किती घटतो ते मोजायचं. १८२७ साली त्याने हे पुस्तकात मांडलं. त्याच्या देशात बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी १८४१मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला मोठं पदक दिलं. घरातल्या सुनेचा गुण आधी बाहेरच्यांना दिसतो, तशातली गत.

त्या तारांच्या खेळातून निघालेलं आपल्या कामाचं एवढंच: तार दुप्पट लांब केली की तिचा रोध दुप्पट होतो. तार दुप्पट जाड केली, म्हणजे कापल्यावर दिसणारं तोंड दुप्पट मोठं घेतलं, की रोध निम्मा होतो. आणि तार कशाची आहे यावरही ते ठरतं. तांबं सर्वांत कमी अडवणाऱ्यांपैकी. ॲल्युमिनियम तांब्याच्या दीडपटीहून थोडं जास्त अडवतं, लोखंड तर पाच-सहा पट.

आता गिरणीकडे वळू.

समजा, मीटरपासून शेड दोनशे फुटांवर आहे, म्हणजे साधारण ६० मीटर. वायर घेतली एक एमएमची, कारण ती स्वस्त. वीज जाणार ६० मीटर आणि परत येणार ६० मीटर, म्हणजे तांब्याची तार झाली १२० मीटर. एवढ्या तारेचा रोध जवळजवळ २ ओहम भरतो. २ ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण थांबा.

एक हॉर्सपॉवरची मोटर नीट फिरत असताना सुमारे ७ अँपिअर ओढते. ७ गुणिले २, चौदा. म्हणजे १४ व्होल्ट त्या वायरीतच खर्च झाले. मीटरपाशी २३० असले तर गिरणीला २१६ मिळाले. एवढ्यावर गिरणी चालेल. पण मोटर सुरू होतानाची गोष्ट निराळी. उभी गाडी ढकलायला सुरुवातीला किती जोर लागतो! चालती झाली की एक माणूसही ढकलतो. मोटरही सुरू होताना पाचपट, कधी त्याहून जास्त करंट मागते. सात पंचे पस्तीस. ३५ गुणिले २, सत्तर. म्हणजे ज्या क्षणी मोटरला सर्वांत जास्त जोर हवा, नेमक्या त्याच क्षणी वायर ७० व्होल्ट खाऊन टाकते आणि गिरणीच्या तोंडाशी उरतात १६०. (काटेकोर हिशोब केला तर दाब उतरल्यावर मोटर करंटही थोडा कमी ओढते, त्यामुळे सत्तरच्या जागी साठ येतील. अर्थ तोच.) व्होल्टेज तीस टक्क्यांनी उतरलं की अशा मोटरची ताकद निम्म्यावर येते. मग ती गुंऽऽ करणार नाही तर काय करणार?

आणि गंमत बघा. वायरमन येतो, गिरणी बंद असताना शेडमधल्या बोर्डावर मीटर लावतो आणि म्हणतो, पूर्ण २३० आहे, मोटर बदला. त्याचंही खोटं नसतं. करंट वाहतच नसेल तर शून्य गुणिले दोन, शून्यच. वायर काहीच खात नाही. व्होल्टेज मोजायचं ते गिरणी चालू असताना, आणि गिरणीपाशी. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तर कित्येक मोटरी वाचतील.

आता तीच वायर चार एमएमची घ्या. रोध चौथाई, म्हणजे अर्धा ओहम. सुरू होताना ३५ गुणिले अर्धा, साडेसतरा व्होल्ट गेले. गिरणीला २१२ मिळाले, ती उठली आणि फिरली. वायरीला पैसे जास्त पडले हे खरं. पण बारीक वायर रोज काय खाते तेही बघा. वायरीत वाया जाणारी वीज काढायची तर करंट गुणिले करंट गुणिले रोध. ७ गुणिले ७ गुणिले २, अठ्ठ्याण्णव वॉट. म्हणजे गिरणी चालू आहे तोवर जुन्या पद्धतीचा शंभराचा एक बल्ब त्या वायरीत जळतोय, उजेड न देता. त्याचं बिल गट भरतो. मला विचाराल तर कर्जाच्या अर्जात घरघंटीच्या किमतीबरोबर वायरीचीही रक्कम आधीच मांडावी, आणि ती मंजूर करून घ्यावी. निदान शेड तरी मीटरच्या जवळ बांधावी.

इथे एखादी हुशार मैत्रीण विचारेल: ताई, तुम्ही म्हणालात दाब कमी तर प्रवाह कमी. मग कमी व्होल्टेजला मोटरीत करंट कमी जायला हवा, ती जळते कशी? प्रश्न अगदी बरोबर आहे. बल्ब, इस्त्री, गिझर यांना तुमचा हिशोब लागू पडतो. मोटर मात्र फिरत असताना आतून स्वतःच उलटा दाब तयार करते, आणि येणाऱ्या करंटला मागे रेटत राहते. ती अडकून उभी राहिली की हा उलटा रेटा जातो. उरतो तो फक्त आतल्या गुंडाळीचा रोध, आणि तो असतो थोडा. करंट भसाभस आत शिरतो, गुंडाळी तापते, तिच्यावरचं वार्निश जळतं. म्हणून गिरणी असो की विहिरीवरचा पंप, दोन-तीन सेकंदांत फिरला नाही तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा बटण दाबून बघणं म्हणजे तिला पुन्हा पुन्हा भाजणं.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर एक चुकीची समजूत काढून टाकू. पुष्कळांना वाटतं, इस्त्री जास्त तापते म्हणजे तिचा रोध जास्त असणार. हिशोब करून बघा. शंभर वॉटचा जुना बल्ब २३० व्होल्टला अर्ध्या अँपिअरहूनही कमी घेतो. त्याचा रोध येतो सुमारे ५३० ओहम. हजार वॉटची इस्त्री सव्वाचार अँपिअरहून थोडं जास्त घेते. तिचा रोध ५३ ओहम. इस्त्री दहापट कमी अडवते, म्हणून दहापट करंट जातो, म्हणून ती जास्त तापते. दाब सारखा असेल तर कमी अडवणारा जास्त तापतो.

पण एकाच फेरीत, एकामागे एक जोडलेल्या वस्तूंमध्ये हे उलटं होतं. इस्त्री, तिची वायर, पिन, बोर्डाचं भोक, या सगळ्यांतून करंट एकच जातो. तिथे जो जास्त अडवतो तो जास्त तापतो. इस्त्री तापावी म्हणूनच केलेली आहे. पण पिन ढिली असेल, किंवा दोन तारा नुसत्या पीळ घालून वर टेप गुंडाळलेली असेल, तर त्या जागी अर्ध्या ओहमचा रोध सहज तयार होतो. तिथून १० अँपिअर गेले तर १० गुणिले १० गुणिले अर्धा, पन्नास वॉट. नखाएवढ्या जागेत पन्नास वॉट! प्लॅस्टिक काळं पडतं, वास येतो, आणि शेजारी कुडाची भिंत किंवा पेंढ्याची गंजी असेल तर पुढचं सांगायला नको. बोर्ड गरम लागला, पिन पिवळी-काळी पडली, की तो बोर्ड त्याच दिवशी बंद करा.

हेच गणित मोठं करून बघायचं असेल तर उंबरमाळी स्टेशनावर उभं राहा आणि वर बघा. रुळांवरची ती तार.

मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला धावली, बोरीबंदर ते कुर्ला. १९३०पर्यंत ही तार कसारा घाट चढून इगतपुरीला पोचली. तेव्हा तारेत दाब होता १५०० व्होल्टचा. आता तो आहे २५,००० व्होल्टचा. टप्प्याटप्प्याने बदल करत २०१६मध्ये मुंबईतली शेवटची १५००ची लाइनही बदलून झाली. एवढा खटाटोप कशासाठी केला? समजा, एका गाडीला ३० लाख वॉट लागतात. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. १५०० व्होल्टला त्यासाठी २००० अँपिअर लागतील. २५,००० व्होल्टला फक्त १२०. आणि आत्ताच आपण बघितलं, वायरीतली नासाडी ठरते करंट गुणिले करंट या हिशोबाने. करंट सुमारे सतरापट कमी झाला तर त्याच तारेत नासाडी पावणेतीनशे पटींहून कमी होते. म्हणून जुन्या पद्धतीत थोड्या थोड्या किलोमीटरवर सबस्टेशन लागायचं आणि जाड तांब्याची तार लागायची. आता सबस्टेशन लांब लांब असली तरी भागतं.

पंचवीस हजारांना मात्र हात लावावाही लागत नाही. तार जवळ आली की ठिणगी हवेतून उडी मारते. रेल्वे सांगते, दोन मीटरच्या आत जाऊ नका. लांब बांबू, शिडी, लोखंडी नळी खांद्यावर घेऊन फलाटावर किंवा पुलावर चालू नका, न्यायचीच तर आडवी धरून, खाली धरून न्या.

तर लांब न्यायची वीज जास्त दाबाने न्यायची आणि वापरायच्या जागेपाशी दाब उतरवायचा, ही युक्ती. आपल्या गावातली डीपी हेच काम करते. एका बाजूने ११,००० व्होल्ट येतात, दुसऱ्या बाजूने घरांसाठी २३० निघतात. डीपीपर्यंत नासाडी थोडी. खरी नासाडी पुढे, डीपीपासून पाड्यापर्यंत. डीपी गावठाणात, आणि पाडा ओढ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी. तिथवर २३०ची तार खांबाखांबावरून जाते. जाताना वाटेत प्रत्येक घर आपला करंट घेतं, त्या सगळ्या करंटचा भार सुरुवातीच्या तारेवर, आणि शेवटच्या घरापर्यंत पोचतात १८०, कधी १७० व्होल्ट. पंखा रखडतो, टीव्ही बंद पडतो. पूर्वी बल्ब पिवळा पडला की डोळ्यांना कळायचं. आताचे पुष्कळ एलईडी दिवे कमी व्होल्टेजलाही तसाच उजेड देतात, त्यामुळे दाब पडलाय हे आधी पंप जळून कळतं.

मग लोक काय करतात? स्टॅबिलायझर आणतात. एका घरापुरतं ते ठीक. पण स्टॅबिलायझर हवेतून व्होल्ट आणत नाही. १७० व्होल्टचे २३० करून देतो, त्यासाठी लाइनमधून दर तीन अँपिअरच्या जागी चार ओढतो. पाड्यातल्या दहा घरांनी स्टॅबिलायझर घेतले की लाइनमधला करंट वाढला, तारेत जास्त दाब खर्च झाला, आणि अकराव्या घराचा दिवा आणखी खाली गेला. आकडा टाकला की तेच. आकडा टाकणारा फुकट वीज घेतो असं आपण म्हणतो, पण त्याच्या पुढच्या घरांचे व्होल्टही तो खातो, हे सहसा कुणी बोलत नाही.

डीपीवरच दाब चढवून द्या, अशीही मागणी होते. तशी सोय असते, पण मग डीपीशेजारच्या घरांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जातं आणि त्यांची उपकरणं जळतात. म्हणून माझं मत असं की ग्रामसभेत ‘व्होल्टेज वाढवा’ एवढंच म्हणू नये. नेमकं मागावं: पाड्यासाठी वेगळी डीपी द्या, किंवा डीपीपासूनची तार जाड टाका. रोध कमी करा, हीच आपली मागणी. आणि ती मागताना हातात आकडे हवेत. नियमाने घरी येणारा दाब २३०च्या सहा टक्के खाली-वर असावा, म्हणजे साधारण २१६ ते २४४च्या मध्ये. बोर्डाच्या भोकात घालायचा, आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर दुकानात मिळतो. गटाने मिळून एक घ्यावा. आठ दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सातला, तीन घरांत आकडा वाचायचा: डीपीजवळचं घर, मधलं घर, शेवटचं घर. तारीख-वेळ घालून वहीत लिहायचं. पहिल्या घरात २२८ आणि शेवटच्या घरात त्याच वेळी १७४, हे कागदावर दिसलं की ‘वरूनच कमी येतंय’ असं कुणी म्हणू शकत नाही. त्या कागदाची प्रत जोडून महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या. १९१२ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा नंबर वहीत टिपून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

आता शेवटचा रोध. आपल्या अंगाचा.

आपल्याकडे म्हणतात, ‘करंट लागला’. ‘व्होल्टेज लागलं’ असं कुणी म्हणत नाही. बोलीभाषेने हे अगदी नेमकं पकडलंय. माणसाला मारतो तो अंगातून वाहणारा करंट, आणि तो किती वाहील हे बरंचसं कातडीवर ठरतं. कोरड्या, घट्टे पडलेल्या हाताचा रोध काही हजारांपासून काही दहा हजार ओहमपर्यंत असू शकतो. ओला हात, ओले पाय, चिखलात उभं असलेलं शरीर, यांचा उतरून हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. शंभरच्या बल्बलासुद्धा याच्या जवळजवळ दुप्पट लागतो. पण छातीतून एवढा करंट गेला तर हृदयाचा ठोका बिघडून माणूस दगावतो. याच्या निम्म्यातही दगावतो. म्हणूनच तोच बोर्ड, तेच बटण, उन्हाळ्यात फक्त झिणझिण्या देतं आणि आवणीच्या दिवसांत जीव घेतं. व्होल्टेज बदललेलं नसतं, कातडी ओली झालेली असते.

पावसाळ्यात कपडे वाळत घालायची लोखंडी तार हा आपल्याकडचा एक मोठा धोका. तारेचं एक टोक पत्र्याच्या खिळ्याला, पत्र्याला खेटून सर्व्हिस वायर, तिचं वरचं प्लॅस्टिक उन्हाने तडकलेलं. ओले कपडे, ओले हात, अनवाणी पाय, आणि बाई तारेला हात लावते. तिला सोडवायला सासू धावते, ती पण चिकटते. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी लावा. आजच लावा. डुकरांसाठी बांधाला वीज सोडलेली तार लावणं तर गुन्हाच आहे, आणि पहाटे अंधारात तिला लागतात ती आपलीच माणसं.

कुणी चिकटलंच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद. ते जमण्यासारखं नसेल तर कोरड्या जागी, कोरड्या लाकडी फळीवर उभं राहून कोरड्या काठीने तार दूर करा. हे फक्त घरातल्या २३०च्या लाइनला. खांबावरच्या मोठ्या लाइनजवळ काठी घेऊनही जाऊ नका, वीज बंद करायला सांगा. आणि १०८ला फोन लावा.

‘आमच्याकडे एमसीबी आहे, तो पडतो’ असं पुष्कळ जणी सांगतात. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस नव्हे. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या वर गेल्याशिवाय हलत नाही, आणि आपल्याला मारायला पाव अँपिअरही लागत नाही. जुन्या फ्यूजमध्ये जाड तार बांधली असेल तर तोही राहिला नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट तो सतत तोलत असतो. दोन्ही सारखे असले तर ठीक. त्यात ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या शंभर भागांतल्या तीन भागांचा फरक पडला, तर कुठेतरी वीज जमिनीत उतरतेय असं समजून तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. घेताना ३० मिलिअँपिअरचाच मागा, आणि परवाना असलेल्या वायरमनकडूनच बसवून घ्या. सोबत आर्थिंगही तपासून घ्या. उन्हाळ्यात आर्थिंगचा खड्डा सुकतो, माती सुकली की तिचा रोध वाढतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालायचं असतं.

आरसीसीबीवर इंग्रजी टी लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा, गटाच्या बैठकीच्या दिवशी म्हणा हवं तर, लाइट असताना ते दाबायचं. खटका खाली पडला पाहिजे. पडला तर पुन्हा वर करा. नाही पडला तर वायरमनला बोलवून तो बदलून घ्या, आणि तोवर ओल्या हाताने गिरणीजवळ जाऊ नका.